मागाच्या खड्ड्यातली बोटं

पाचपावली, नागपूर
१२ जुलै २०२४

आदरणीय देवकी मॅडम,
साष्टांग नमस्कार.

मी प्रियदर्शनी पौनीकर. बी.एस्सी.ला तुमच्या वर्गात होते. खिडकीजवळ बसायचे आणि बुरशीच्या तासाला हमखास डुलकी घ्यायचे, म्हणून तुम्ही मला पावावरची बुरशी चाटायला लावीन असा दम भरला होता. आता सीताबर्डीत साड्यांच्या दुकानात आहे. कोष्ट्याची पोर मशीनच्या साड्या विकते, चालायचंच. तुमचा काटोलचा पत्ता आमच्या वर्गातल्या भूमिकाकडून मिळाला. तुमचे कान आता साथ देत नाहीत आणि मोबाईल तुम्हाला डोळ्यांसमोर नको असतो, तेव्हा सरळ पत्र लिही, असं तीच म्हणाली.

काम असं आहे. आमच्या मधल्या खोलीत पूर्वी खड्ड्याचा माग होता. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, तसला. माग आईच्या माहेरचा, तिच्या वडिलांनी उमरेडहून दिलेला. मी लहान असताना बाबांनी तो मोडला आणि खड्डा बुजवला. बाकी घराला फरशी झाली, पण या खोलीला आईनं होऊ दिली नाही. ती अजून तिथं शेणानं सारवते आणि खड्ड्याच्या जागेवर रोज दिवेलागणीला दिवा ठेवते. विणकराच्या घरात मागाला हात जोडतातच, म्हणून आम्ही कधी काही विचारलं नाही.

या उन्हाळ्यात शेजाऱ्यानं तीन मजले चढवले. त्याचं सांडपाणी आमच्या भिंतीत मुरतं आणि खोलीची जमीन ओली राहते. गेल्या आठवड्यात दिव्याच्या जागेवर भेग पडली आणि तिच्यातून काहीतरी वर आलं. करंगळीएवढं, पांढुरकं, वर पीठ लावल्यासारखं. एकाचे तीन-चार झाले. मी खुरपं घेऊन बसले तर आईनं माझं मनगट धरलं. या वयात तिच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हात नको लावू वं त्याले," म्हणाली. काहून म्हणून विचारलं तर तोंड फिरवून बसली.

ती देवळात गेली असताना मी एक तोडून घेतलं, ते सोबत पाठवते. हे काय आहे आणि कशावर वाढतं, एवढं कळवाल का? आईची समजूत घालून जमीन पक्की करून टाकेन म्हणते.

तुमची विद्यार्थिनी,
प्रियदर्शनी

*

काटोल
१९ जुलै २०२४

चि. प्रियदर्शनी,
अनेक आशीर्वाद.

तुझा नमुना पोचला. नमुना कसला, रस्सा. बुरशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोस्टात टाकणारी मुलगी माझ्या हाताखालून पास झाली, हे बघून मी कपाळाला हात लावला. बुरशी कागदात ठेवायची, कोरडी, आणि पाकिटावर लिहायचं: कुठं मिळाली, कशावर वाढली, कधी, कुणी गोळा केली. डुलकीत हे निसटलेलं दिसतं.

तरी जे उरलं होतं ते भिंगाखाली घातलं. ही धानीकवकांपैकी आहे. धानी म्हणजे पिशवी. यांचे बीजाणू छत्रीखाली लटकत नाहीत. ते सूक्ष्म पिशव्यांत असतात, बहुतेक एका पिशवीत आठ. या घराण्याचा पसारा मोठा. पाव फुगवणारं यीस्ट यातलंच, आमच्या बागेत गळून पडलेल्या संत्र्यावरची हिरवी बुरशीही यातलीच. सगळी चुलत भावंडं, पण एकाचं तोंड दुसऱ्याशी मिळत नाही. म्हणून यांना तोंडावरून ओळखायचं नसतं, चिरून आत बघायचं असतं.

तुझी पांढरी पावडर म्हणजे तिचं पोरवय. त्या वयाच्या बीजाणूंना पिशव्या नसतात. पुढे हेच बोट कोळशासारखं काळं पडतं, सालीत खसखशीहून बारीक कुप्या तयार होतात आणि पिशव्या त्या कुप्यांत भरतात. अशा कितीतरी बुरशांच्या पोरवयाला एक नाव आणि मोठेपणाला दुसरं नाव लोक देऊन बसले होते. एकच जीव, पाकिटं दोन, कपाटंही दोन. आता नियम झाला आहे की एका बुरशीला एकच नाव. म्हणून मी म्हातारपणी जुनी पाकिटं काढून चिठ्ठ्या बदलत बसते. भावाच्या सुना म्हणतात, आत्याबाई सुकलेल्या काड्यांशी बोलतात.

तुझ्या जमिनीखाली माझ्या मते वारूळ आहे. या बुरशीची एक जात उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळात दबून राहते. उधई जिवंत असेतो तिला डोकं वर काढू देत नाही. उधई संपली की ती वर येते. मेलेलं वारूळ, दुसरं काही नाही. खुशाल फरशी टाक.

इंग्रज लोक या बुरशीला 'मेलेल्या माणसाची बोटं' म्हणतात. आईला सांगू नकोस, बिचारी घाबरायची.

तुझी,
देवकी मॅडम

*

पाचपावली, नागपूर
२७ जुलै २०२४

आदरणीय मॅडम,
सा. न.

तुमचं पत्र आलं तेव्हा आई दाराशीच होती. तिला वाचता येत नाही. "काय लिवलं वं मास्तरीणबाईनं, सारं वाच," म्हणाली आणि मी मोठ्यानं वाचत सुटले. त्या शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि 'आईला सांगू नकोस' हे शब्द दिसायच्या आधीच ते नाव तोंडातून निघून गेलं.

आईनं कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाली, "म्हणजे इंग्रजायले बी मालूम आहे."

चूक माझी आहे, तुमची नाही. पण तुमच्यापासून मीही एक गोष्ट लपवली होती, ती आता लिहिते.

मला एक मोठा भाऊ होता, हेमराज. होता लिहायचं की आहे, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. त्याला मागावर बसायचं नव्हतं. बाबा म्हणत, बाप-आजा बसला तिथं बसायला लाज वाटते का? रोजची भांडणं. मी नऊ वर्षांची असेन, मामाच्या लग्नाला आई मला घेऊन उमरेडला गेली. परत आलो तर हेमराज नव्हता, त्याची लाकडी पेटी नव्हती आणि माग नव्हता. खड्डा बुजवून वर ताजं सारवलेलं होतं. बाबा ओट्यावर बसले होते. "माग मोडला. पोरगा गेला," एवढंच म्हणाले. कुठं गेला, काहून गेला, काही नाही. हेमराजचं एक पत्र नाही, निरोप नाही.

आईनं तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. संसार केला, स्वयंपाक केला, बाबांना ताट वाढलं. पण ते ताट वाढायची तेव्हा त्यांच्याकडे बघायची नाही. बाबा गेले तेव्हा तोंडात पाणी घालायला तिला बोलावलं, तर ती मधली खोली सारवत बसली होती. उठली नाही. लोकांनी नावं ठेवली. मलाही तिचा राग आला होता.

तुमचं पत्र ऐकल्यावर तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "तुह्या बापानं माह्या पोराले तिथं गाडलं आहे. मी रोज त्याच्यासाठीच दिवा लावतो. आता थो वर येऊन राहिला."

मॅडम, मी दचकले नाही, याचीच मला भीती वाटते. कारण बाबा दवाखान्यात असताना मला म्हणाले होते, "तुह्या मायले सारं मालूम आहे वं. रोज तिथं दिवा लावते, पण एका शब्दानं मले बोलली नाही." आणि रडले होते. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, याचा दुसरा काय अर्थ लावू?

प्रियदर्शनी

*

काटोल
४ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनी,

पत्र वाचून मला माझ्या गमतीची लाज वाटली. ज्या घरात चेष्टा पाठवतो ते घर आपल्याला माहीत नसतं, हे या वयात तरी कळायला हवं होतं. आईला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, त्या इंग्रजांना काही माहीत नव्हतं. नुसता आकार बघून नाव ठेवलं.

आता जे मला नक्की माहीत आहे ते लिहिते. ही बुरशी मांसावर वाढत नाही. माणसाच्या देहाशी तिला काही करायचं नसतं. तिच्या दोन-तीन जाती मी आपल्या भागात गोळा केल्या आहेत. त्या एकतर मेलेल्या लाकडावर वाढतात नाहीतर रिकाम्या वारुळावर. तिसरं काही मी पाहिलेलं नाही.

मी वारूळ म्हणाले ते अंदाजानं. पोरवयाच्या नमुन्यावरून ते पक्कं सांगता येत नाही. दोन्ही प्रकारच्या जाती लहानपणी पांढऱ्याच दिसतात. तेव्हा एक काम कर. बाकीची बोटं तोडू नकोस. ती काळी पडू देत, टणक होऊ देत. मग एक खालून माती उकरून शक्य तितक्या खोल देठासकट काढ, वर्तमानपत्राच्या कागदात सैल गुंडाळ आणि पाठव. या वेळी कागद, बाई. आत पिशव्या भरल्या असतील तर मी बीजाणू मोजून सांगेन, खाली वारूळ आहे की लाकूड.

वारूळ निघालं तर खणायची गरजच नाही. आईला तेवढं सांगून बघ. मला वाटतं वारूळच निघेल.

इथं संत्र्याला आंबिया बहाराची फळं चांगली धरली आहेत. मागच्या आठवड्यात कॉलेजातून माणूस येऊन गेला. तिथं राहिलेल्या माझ्या पाकिटांची कपाटं त्यांना रिकामी हवी आहेत. पाकिटं घेऊन जा म्हणतात. घेऊन येईन, पण मी गेल्यावर ती कोण उघडणार, हा प्रश्न त्याला ऐकू गेला नाही. बहिरी मी आहे म्हणतात.

देवकी मॅडम

*

पाचपावली, नागपूर
३० ऑगस्ट २०२४

आदरणीय मॅडम,
सा. न.

बोटं काळी झाली. आई शेजारी बसलेली असतानाच एक काढलं. या वेळी तिनं हात धरला नाही. देठ खाली बराच लांब गेला होता, मुळासारखा, आणि शेवटी तुटला. त्याला चिकटलेली माती तशीच ठेवली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलं आहे, रागावू नका.

वारुळाचं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "उधई कुठं बी घर नाही करत. काही खायले असलं तरच येते."

तिची तब्येत ठीक नाही. म्हणजे ताप वगैरे काही नाही. पण दुपारी त्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसते. मी दुकानातून येते तेव्हा तिथंच असते. एकदा मला म्हणाली, "हेमराज सुताले काळा रंग द्याचा, त्याची बोटं अशीच काळी राहत. साबणानं बी नाही निघत." मी हसून काहीतरी बोलले आणि विषय बदलला. पण आता मला ती बोटं बघवत नाहीत. रविवारी भांडी घासताना मला मागाचा आवाज आला, खटक-खटक, लहानपणी यायचा तसा. मी हात थांबवला. शेजारची शिलाई मशीन असेल. शेजारी बाहेरगावी गेले आहेत हे मला नंतर आठवलं.

घाई अशासाठी करते की पितरपाख जवळ आला आहे. बाबांच्या नावानं आईनं आजवर एकदाही पान वाढलं नाही. हेमराजच्या नावानं वाढता येत नाही, कारण तो मेला असं कोण म्हणणार? आई आता ऐंशीच्या घरात आहे. काल तिनं मला स्पष्ट सांगितलं, "मी मरायच्या पहिले मले एकदा पान वाढू दे. कोणाचं वाढू, येवढं तुह्या मॅडमले विचार."

तर हा प्रश्न मी तुम्हाला पाठवते आहे. मला माहीत आहे की हे बुरशीला विचारायचं काम नाही.

प्रियदर्शनी

*

काटोल
१५ सप्टेंबर २०२४

चि. प्रियदर्शनी,

उत्तराला उशीर झाला. तुझं पाकीट आलं त्याच दिवशी मी बोट चिरलं होतं. त्यानंतर पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

आत पांढराशुभ्र गर, वर काळी साल, सालीत कुप्या, कुप्यांत पिशव्या, पिशव्यांत आठ-आठ बीजाणू. इतका देखणा नमुना मला निवृत्तीनंतर मिळाला नव्हता आणि तो तुझ्या घरातून यावा याचं वाईट वाटलं. वारुळावरच्या जातीचे बीजाणू फार बारके असतात. तुझ्यातले त्यांच्या चारपट लांब आहेत. मी पुन्हा पुन्हा मोजले, कारण मला ते बारके हवे होते. मग देठाला चिकटलेली ती माती धुतली. माती नव्हती. लाकडाची भुसभुशीत कपची होती.

वारूळ नाही, बाळ. खाली लाकूड आहे.

तुझ्या भावाची पेटी लाकडी होती, हे तू लिहिलं होतंस. तेच वाक्य समोर ठेवून मी इतके दिवस बसले होते. लाकूड कसलं आहे हे मी सांगू शकत नाही, आणि त्याच्या शेजारी दुसरं काय आहे हेही नाही. मी वर्गात सांगायची, नमुना अर्धा असेल तर नाव पेन्सिलीनं लिहा. तुझ्या पहिल्या पाकिटावर मीच शाईनं वारूळ लिहून बसले.

माझं ऐकशील तर खणा. दिवसाउजेडी, ओळखीच्या माणसाला घेऊन. आणि आईला त्या वेळी कुणाकडे पाठवू नकोस. ती एकदा घरात नव्हती, तेव्हाच हे सगळं घडलं.

तुझ्या नमुन्याचं पाकीट केलं आहे. त्याची चिठ्ठी सोबत आहे. ठिकाण लिहिलं, तुझं नाव लिहिलं. 'कशावर वाढली' ही ओळ कोरी ठेवली आहे. ती तू भर, नाही भरलीस तरी चालेल.

तुझी,
देवकी मॅडम

*

पाचपावली, नागपूर
३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मॅडम,
सा. न.

खणलं.

चंद्रभान काकांना बोलावलं होतं. ते बाबांच्या बरोबरीचे विणकर, अजून कंबर ताठ आहे. काहून खणायचं ते मी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. आई भिंतीशी बसली, पदराचं टोक तोंडात धरून. पहिल्यांदा ती काळी बोटं मुळासकट निघाली, मग माती, मग फावडं लाकडावर आपटलं. मी आईकडे बघितलंच नाही.

काका हातानं माती सारायला लागले. मग थांबले आणि म्हणाले, "वहिनी, हा त तुमच्या बाबाचा माग आहे. उमरेडचा."

पेटी नव्हती, मॅडम. सागवानी माग होता. कापड गुंडाळायचा तुर, फणीची चौकट, पायाखालच्या पट्ट्या. फेकून दिल्यासारखं काही नव्हतं, एकाशेजारी एक नीट लावून ठेवलं होतं. सगळ्यांत वर साडीच्या काठाच्या तुकड्यात बांधलेला, आडवा धागा नेणारा धोटा होता. त्याचं कापड हातात घेताच विरलं.

"अजून खाली," आई म्हणाली. काकांनी सगळं लाकूड बाहेर काढलं आणि मुरूम लागेपर्यंत खणलं. विणणाऱ्याच्या पायांनी गुळगुळीत झालेला खड्ड्याचा जुना तळ लागला. "कोपऱ्यात पाहा," ती म्हणाली. त्यांनी चारही कोपरे पाहिले. काही नव्हतं. हेमराज तिथं नव्हता.

मला वाटलं आई आता रडेल, मोकळी होईल. ती उठली आणि लाकडाजवळ जाऊन बसली. तुराचे दोन तुकडे होते, कुऱ्हाडीनं तोडलेले. त्या घावांवरून ती बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "हे डाव्या हाताचे घाव आहेत."

आमच्या घरी चुलीची लाकडं हेमराज फोडायचा. तो डावखुरा होता. बाबा डावखुरे नव्हते.

काका बाबांबद्दल म्हणाले, "ईश्वरदास कुऱ्हाड मारन का मागाले? पाय लागला तरी हात जोडे."

आईनं हळूहळू सगळं स्वतःच जुळवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "माह्या बापाचा माग माह्या पोरानं तोडला अन् चालला गेला. अन् बुढ्यानं थो झाकला. मी परत आली त मले दिसू नाही म्हणून."

तेव्हा मी बाबांचं दवाखान्यातलं बोलणं तिला सांगितलं. इतकी वर्षं कबुलीजबाब म्हणून पोटात ठेवलेलं. त्यांना वाटत होतं की आईला कळलं आहे. खड्ड्यात काय आहे ते कळलं, पोरानं काय केलं ते कळलं, आणि म्हणून ती रोज आपल्या बापाच्या मागाला दिवा लावते आणि कुणालाही बोल लावत नाही. त्यासाठी ते रडले होते. आणि ती त्याच दिव्याशी बसून त्यांना खुनी समजत होती. मला त्या क्षणी बाबांचं इतकं वाईट वाटलं की मी खोलीबाहेर गेले.

परत आले तेव्हा आई धोटा मांडीवर घेऊन बसली होती. "मी त्याच्या तोंडात पाणी नाही घातलं वं," म्हणाली. एवढंच. काका उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

काल सर्वपित्री होती. आईनं गोळाभात केला, बाबांना आवडायचा तसा, वरून तेलाची फोडणी घालून. पान तिनं स्वतः वाढलं, खड्ड्याच्या काठावर. मला हात लावू दिला नाही. लोटा भरून पाणी ठेवलं. मग पानावरून पाणी फिरवताना तिचा हात थांबला.

मी न राहवून विचारलं, "आई, हेमराजचं?"

"त्याचं काहून वाढू? थो जिता आहे," ती म्हणाली. पेटी घेऊन गेला आहे, जिता आहे. तिनं ते दोनदा म्हटलं. मग तिचा आवाज बदलला. "जिता आहे अन् आला नाही. बाप मेला तरी नाही आला. मी त्याले इथं समजून रोज बोलत होती वं त्याच्याशी."

मॅडम, इतकी वर्षं तिचा पोरगा घरात होता. कसाही असो, घरात होता. तो आम्ही काल-परवा खणून काढला आणि आता तो कुठंच नाही. तुम्ही खणा म्हणालात ते बरोबरच होतं. मी तुम्हाला दोष देत नाही. पण आई कालपासून दाराकडे तोंड करून बसते, आणि बाहेर कुणाचीही चप्पल वाजली की उठते.

चिठ्ठी भरून पाठवते आहे. 'कशावर वाढली' इथं मी लिहिलं, सागवानी माग, उमरेडचा, ईश्वरदास पौनीकर यांनी ठेवलेला. तुमच्या नियमात एवढं लांब बसत नसेल तर असू द्या, पण खोडू नका. तुमची पाकिटं कोण उघडणार असं तुम्ही लिहिलं होतं. मी उघडेन. ती माझ्याकडे पाठवा, मधली खोली रिकामी आहे.

एक राहिलं. काल दिवेलागणीला आईनं सवयीनं वात वळली, तेल घातलं, दिवा लावला आणि खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. समोर खड्डा उघडा. माग बाहेर ओट्यावर, काळ्या बोटांसकट. बाबांचं पान उचललेलं. ती दिवा घेऊन आत आली, परत दाराशी गेली, परत आली.

"आता हा कुठं ठेवू वं?" तिनं मला विचारलं.

तेल संपेपर्यंत ती दिवा हातात धरून तशीच उभी होती.

तुमची,
प्रियदर्शनी